खाटकाकडून आणलेलं सिरम

मला खरवस फार आवडायचा. दवाखान्याच्या लॅबमधल्या या नोकरीनं तो सोडवला. तपासणीसाठी वाढवायचे घटसर्पाचे जंतू भारी लाडावलेले. साध्या खाद्यावर नीट वाढत नाहीत, त्यांना जनावराचं सिरम लागतं. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते सिरम. ते काचेच्या नळीत घालायचं, नळी तिरपी ठेवायची आणि मंद आचेवर घट्ट करायचं. तयार काय होतं, तर खरवस. वास मात्र गंजक्या लोखंडाचा. सवय होते म्हणतात. कुणाला होते कोण जाणे, मला अजून मळमळतं.

बाहेरून मागवलेल्या नळ्या वेळेवर आल्या नाहीत की निर्जंतुक केलेला डबा घेऊन सकाळीच मी खाटकाकडे जाते. "बाईसाहेब, आज डब्यात काय आणता?" असं नवरा दारातूनच विचारतो. 

एकदा आमच्या वॉर्डात देवळी गावाकडची एक लहान मुलगी होती. घटसर्पातून वाचली होती, कॉटवर उड्या मारत होती. पण घशात जंतू उरलेत का, हे कळल्याशिवाय तिला सोडता येत नव्हतं. घरी तिचा तान्हा भाऊ आजीजवळ होता. मुलीजवळ राहणाऱ्या आईनंही तोवर घरी जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाहेरच्या नळ्या आल्या नव्हत्या आणि आमच्या नेहमीच्या खाटकानं दुकान बंद केलं होतं, म्हणून रक्त नव्या दुकानातून आणलं. मी ओढणी नाकाला लावून, दुकानाकडे पाठ करून उभी राहिले. भरलेला डबा हातात आला तेव्हाच वळले.

त्या रक्ताच्या सिरमच्या नळ्या केल्या, त्यांवर मुलीच्या घशातला नमुना लावला. दुसऱ्या दिवशी नळी स्वच्छ! कुणाकडून तरी आईच्या कानावर गेलं आणि तिनं पिशवी भरायला घेतली. पण खात्रीसाठी आम्ही लॅबमधला घटसर्पाचा ओळखीचा जंतूही त्याच सिरमवर लावतो. तो वाढायलाच हवा. तोही वाढला नव्हता. म्हणजे नळ्यांतच खोट होती. आम्ही रिपोर्ट थांबवला.

"काऊन थांबवून राह्यले आमाले?" आई माझ्यावर धावून आली. "पोरगी ठणठणीत हाय. तिकडं माह्यं लेकरू रडून राह्यलं!"

मी तडक खाटकाकडे गेले. डब्यात काय घातलं होतं, विचारलं.

"मीठ टाकलं ना ताई, चांगलं मूठभर," तो हसत म्हणाला. "मिठाबिगर रगत नीट जमत नाई. भाजीले नेता ना?"

माझं डोकं फिरलं. इतक्या मिठात जंतू वाढणार कसे! पण त्याला बोलणार काय? आपल्याकडे डबा घेऊन रक्त न्यायला येणारा माणूस ते शिजवायलाच नेतो. कांदा-तिखटात परतलेल्या त्या काळ्या वड्या डोळ्यांपुढे आल्या. आमच्या लॅबमध्ये जंतूंपुढे मी खारवलेली भाजी वाढून आले होते.

या वेळी पाठ फिरवली नाही. बकऱ्याच्या मानेखाली डबा मीच धरला. मनगटावर कोमट चिळकांडी उडाली, बाहीत ओघळली. झाकण लावलं आणि दुकानामागच्या नालीवर जाऊन भडाभडा ओकले.

पुन्हा सिरम काढलं, नळ्या केल्या, मुलीचा नवा नमुना लावला. सकाळी पाहिलं तर लॅबचा जंतू वाढला होता. मुलीच्या नळीवरही तेच मळकट ठिपके. सूक्ष्मदर्शकाखाली शंका उरली नाही. बकऱ्याच्या सिरमवर शिसारी येईल इतके माजले होते. खारट नळीवर विश्वास ठेवला असता, तर हेच जंतू देवळीच्या बसनं तान्ह्याच्या पाळण्यापर्यंत गेले असते.

डॉक्टरांबरोबर मीही वॉर्डात गेले. पुन्हा औषधं, पुन्हा तपासणी, तोवर दोघींनी इथंच राहायचं, असं त्यांनी सांगितलं.  आईच्या ब्लाऊजवर दुधाचे ओले डाग पसरत होते. तिनं पदर ओढून घेतला, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून दूध पिळून टाकू लागली.