माठाला घाम फुटावा म्हणून

टेंपो आला आणि आमच्या घरातून गाढव गेलं. त्या दिवशी मी तेर गावच्या गल्ल्यांतून असा हॉर्न वाजवत फिरलो, की तेरणा नदीचं पाणी घाबरून उलटं वाहिलं, असं लोक अजून सांगतात. लोक म्हणजे मीच. तळ्यातली माती आता एका फेरीत घरी यायची. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. टेंपो लीद टाकत नाही.

माठाच्या मातीत आम्ही वाळलेली लीद कुटून मिसळतो. आव्यात माठ भाजताना ती जळून जाते आणि तिच्या जागी नजरेला न दिसणारी बारीक भोकं राहतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेर उडून जातं आणि आतलं गार होतं. याला आम्ही माठाला घाम येणं म्हणतो. घाम न येणारा माठ म्हणजे नुसतं मातीचं पातेलं.

साठवलेली लीद संपली आणि आमचे माठ कोरडे ठाक निघायला लागले. पाणी असं कोमट, की चहाला आधण ठेवायची गरज नाही. माझ्या वडिलांनी, आबांनी, एक घोट घेऊन गिलास खाली ठेवला.

"पुढच्या आव्याचं पाणी गार न्हाय झालं तर चाक बंद. तू टेंपोत विटा वाहा, म्या देवळात बसतो."

आबा देवळात बसले असते तर त्यांची बडबड ऐकून देवच गाव सोडून गेला असता. पण मला भीती माझी होती. माठ घडवायचं चाक बंद पडलं तर मी सकाळी उठायचं तरी कशासाठी?

लग्नसराई होती. घोडीवाल्या चाचांची पांढरी घोडी प्रत्येक वरातीत नाचायची, आणि मी घमेलं घेऊन तिच्या मागं. अणदूरला तर नवरीच्या मामानं मला जवळचा पाहुणा समजून फेटाच बांधला. डोक्यावर फेटा, काखेत घमेलं आणि नजर घोडीच्या शेपटीवर! चाचा हसून हसून लगामाला लोंबकळले.

"ले बेटा, जितनी होना उतनी ले! घोडीचं कवतिक लई जणांनी केलं, पर इतक्या मागून कुणीच न्हाय!"

लीद वाळवली, कुटली, मातीत मळली. आव्यातून माठ निघाले ते नवरदेवासारखे देखणे. पाणी भरलं, आणि काय सांगू, चहूबाजूंनी कारंजी! शेजारणीच्या कोंबड्या त्या दिवशी पोहायला शिकल्या.

"ह्याला घाम म्हणतूस व्हय रं?" आबा म्हणाले. "ह्याला जुलाब लागलेत."

मी एक माठ फोडून खापरी उन्हात धरली. भोकं हरभऱ्याएवढी. कारण ती हरभऱ्यांचीच होती! आमचं गाढव कडबा, काटे आणि निवडणुकीची पोस्टरं खाऊन जगलं. त्यानं जन्मात दाणा पाहिला नव्हता, म्हणून लीद चाळायची आमच्या घरात रीतच नव्हती. घोडी मात्र प्रत्येक मांडवात हरभरे चापायची आणि निम्मे जसेच्या तसे परत करायची.

शेजारणीनं ते माठ खुशीत नेऊन लिंबांच्या मुळाशी पुरले. "झाडांना पाणी घालायचं कामच सरलं. आणखी असेच बिघडव की!"

"आबा, एक आवा आणखी लावू द्या," मी म्हणालो.

"लाव. पर हा शेवटचा."

मी गुपचूप पिठाची चाळण उचलली. बायकोनं मला लीद चाळताना रंगेहाथ पकडलं.

"आता भाकरी तुमीच थापा, अन् त्या घोडीलाच वाढा!"

नव्या आव्यातला माठ भरून ठेवला. सकाळी त्याच्या पोटावर असा बारीक घाम, की शेजारी झोपलेल्या मांजराला सर्दी झाली. आबांनी तळवा टेकवला, ओला झालेला डोळ्यांना लावला. गिलासभर पाणी प्याले. मग दुसरा गिलास. तिसरा गिलास संपवून ते चाकाशी आले, मला तिथून उठवलं आणि स्वतः बसले.

"बघत काय उभा ऱ्हायलास? माती आण!"