रुबीनाने टाकलेली सिस्टीम

वडशात आमच्या दुकानात दोन गोष्टी साठायच्या, रद्दी आणि किस्से. रद्दी दिवाळीच्या आधी भंगारवाला घेऊन जायचा. किस्से कोणी नेलेच नाहीत, म्हणून ते अजून माझ्याकडे पडून आहेत. आता बसलोच आहोत, तर ऐका.

दुकान सलीमभाऊंचं. त्यांच्या वडिलांची खिळे जुळवून छापायची जुनी प्रेस होती. पुढे तिथेच कॉम्प्युटरवर पोस्टर आणि लग्नपत्रिका व्हायला लागल्या. हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं लागली की गावोगावची मंडळं पोस्टरसाठी आमच्या दारात! मी मराठी टाइप करायचो. डिझाइन रुबीना करायची, सलीमभाऊंची एकुलती एक मुलगी. आणि सलीमभाऊ तिच्या खुर्चीमागे उभे राहून फक्त एवढंच सांगायचे, "हिरोइन अजून मोठी कर!"

*

लोडशेडिंगमुळे आमचा कॉम्प्युटर अर्धा दिवस मुका असायचा. म्हणून रुबीनाने हट्ट करून लॅपटॉप घ्यायला लावला. पुढे एका वर्षी, पोळ्याच्या जरा आधी, तिने त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. दिवसभर पडद्यावर ती पट्टी सरकत होती, आणि भात शिजायची वाट बघावी तसे सलीमभाऊ समोर बसून होते. शेवटी पडदा उजळला आणि मधोमध नाव आलं, "अब्बा".

"माह्या नावानं सुरू होते का हे?" सलीमभाऊ एकदम खूश!

तासाभरात लॅपटॉप असा तापला की त्यांनी हात लावून झटकन मागे घेतला.

"चांगली मशीन बिमार करून ठेवली ना, बेटा!"

"नवीन हाय ना, अब्बा. सवय होईल त्याले."

*

सवय काही होईना. लॅपटॉप तापायचा आणि काम चालू असताना मध्येच बंद पडायचा. एकदा रुबीना मागच्या खोलीत गेली आणि आजोबांच्या प्रेसमधली शिशाच्या खिळ्यांची पेटी ओढत घेऊन आली. शिसं जड, थंडगार. त्या अक्षरांवर तिने लॅपटॉप ठेवला. खरंच थोडा फरक पडला!

"दादाजानची प्रेस लागली ना कामाले!" असं म्हणून ती इतकी हसली की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

*

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण ते सोडून बाकीचं सांगता येत नाही.

पोळा झाल्यावर रुबीनाला ताप भरला. आमच्याकडे तापाचं कोणाला नवल नसतं. पण हा मेंदूत चढणारा मलेरिया होता. दुसऱ्या दिवशी ती बडबडायला लागली, तेव्हा आम्ही जीप करून ब्रह्मपुरीला निघालो. मी पुढे ड्रायव्हरजवळ. मागे सलीमभाऊ, तिचं डोकं मांडीवर घेऊन, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत.

वैनगंगेचा पूल ओलांडला आणि ते मागून ओरडले, "ताप उतरला! अरे, हात लावून पाहा, कपाळ थंडं झालं!"

ड्रायव्हरही "बरं झालं, भाऊ," म्हणाला. मी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघत बसलो. दवाखान्यापर्यंत सलीमभाऊ तिला सांगत होते, "उतरला बेटा, उतरला."

डॉक्टरांनी जीपमध्येच वाकून तिच्या नाकापुढे दोन बोटं धरली. मग त्यांनी मान हलवली.

*

रुबीनाचा चाळिसावा दिवस झाल्यावर दुकान उघडलं. डिझाइन आता मीच कसंबसं करायचो. लॅपटॉप तसाच तापायचा. दुरुस्तीवाला दिलीप रोज संध्याकाळी चहाला यायचा. त्याने एकदा सहज सांगितलं, "भाऊ, ही सिस्टीम जड हाय. पुसून जुनी टाकून देतो. मशीन गार होते."

सलीमभाऊ म्हणाले, "जिनं टाकली तिले विचारल्याबिगर कशी काढू रे?"

दिलीपने चहा तसाच ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

*

त्या हिवाळ्यात नाटकवाल्यांची गर्दी झालीच. पोस्टर होईपर्यंत गावाकडची मंडळी लॅपटॉपभोवती कोंडाळं करून हात शेकायची! एक जण तर म्हणाला, "आमचं पोस्टर आरामानं करा जी, आज थंडी भल्ली हाय!"

त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने लॅपटॉपवर तळवा ठेवला. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. "सलीमभाऊ, तुमच्या मशीनले ताप आला का जी?"

ताप हा शब्द आम्ही दुकानात कोणी काढत नव्हतो. मी टाइप करायचा थांबलो.

"हो जी, हाय थोडा," सलीमभाऊ म्हणाले. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा भिजवला, पिळला आणि लॅपटॉपखाली खिळ्यांच्या पेटीवर अंथरला.

*

उन्हाळ्यात तर कहर! दुकानात कूलर एकच, आणि त्याचं तोंड लॅपटॉपकडे. लग्नपत्रिकेला आलेली गिऱ्हाइकं घामाने निथळत बसायची. एकदा एक नवरदेवाचा मामा चिडलाच, "काऊन जी, आमी माणसं नाई का?"

"तुमी उठून सावलीत जाऊ शकता, भाऊ," सलीमभाऊ शांतपणे म्हणाले. "त्याले कुठी जाता येते?"

मामाने पत्रिका मात्र आमच्याकडूनच छापून घेतल्या!

*

पाऊस लागायच्या आधी लॅपटॉप दहा-दहा मिनिटांत बंद पडायला लागला. एक दिवस तो सुरूच होईना. सलीमभाऊ त्याच्यासमोर बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. तेव्हा दिलीपने हात जोडले. "भाऊ, तिच्या सिस्टीमले बोट लावत नाई. फक्त खालचे पेच खोलून पाहतो. तुमी समोर बसा." शेवटी सलीमभाऊंनी मान डोलावली.

दिलीपने मशीन उलटी केली, पेच काढले आणि आतला पंखा दाखवला. पंख्याच्या जाळीवर कोंड्याचा थर! आमचं गाव राईस मिलचं, हवेतच कोंडा. तो आधीपासून साचत होता. नव्या सिस्टीमने मशीनला जास्त पळवलं, म्हणून ती तापायला लागली. दिलीपने चिमट्याने तो थर काढला, ब्रश फिरवला, पेच लावले आणि बटन दाबलं. पडद्यावर नाव आलं, "अब्बा". तासभर आम्ही पोस्टरं उघडून पाहिली. मशीन थंड! आवाजसुद्धा नाही.

दिलीपला आनंद मावेना. त्याने सलीमभाऊंचा हात धरून लॅपटॉपवर ठेवला. "पाहा भाऊ, एकदम थंडा!"

सलीमभाऊंचा चेहरा उतरला.

"दिलीप, चालू हाय ना रे हा?"

"चालू हाय ना, भाऊ. ते पाहा, तुमचं नाव दिसून राह्यलं."

त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते खाली वाकले आणि मशीनच्या बाजूला पंख्याची जाळी असते तिच्यापुढे दोन बोटं धरली. बराच वेळ धरली.

"येऊन राह्यली," ते म्हणाले. "हवा येऊन राह्यली."