वारजे ते लोणी काळभोर: कारभाऱ्याचं घड्याळ लावायला

दसऱ्याच्या दिवशी कुणी लोणी काळभोरला फिरायला जात नाही, हे मला माहीत आहे. पण सकाळी अंघोळ करून दाराला तोरण बांधत होतो, तेवढ्यात भीमरावचा फोन आला. भीमराव तिथल्या थिएटरात ऑपरेटर आहे.

"जय भीम. अहो, कारभारी रुसलाय. काल रात्रीपासून यादीच कोरी दाखवतोय. दुपारी खेळ हाय. या की."

"जय भीम. आलोच," म्हणालो आणि तोरण अर्धवटच राहिलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. दुसऱ्याचं काम अडलं म्हणून बरं वाटू नये, पण वाटलं.

आधी कारभारी कोण ते सांगतो. आता थिएटरात रीळ नसतं. पिक्चर कॉम्प्युटरात येतो आणि कुलूप लावलेला येतो. त्याची चावी वेगळी, ईमेलनं येते. ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालते. हे सगळं सांभाळणारा एक मोठा कॉम्प्युटर असतो: कोणता पिक्चर आहे, त्याची चावी आली का, कोणत्या पडद्यावर किती वाजता काय लावायचं. तो पुरवणाऱ्या कंपनीचे लोक त्याला इंग्रजीत लांबलचक नावानं बोलावतात. भीमरावनं त्याचं नाव कारभारी ठेवलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मी सातवीपर्यंत शिकलो. जन्मभर रिळांची मशीनं चालवली. हे नवीन प्रकरण ऐकून-बघून जेवढं जमलं तेवढं शिकलो. मालकांच्या दोन्ही थिएटरांत काही अडलं की अजून मला बोलावणं येतं. मुलगा परदेशात, बायको गेलेली. बोलावणं आलं नाही तर दिवसभर मी आणि वारज्यातल्या फ्लॅटची खिडकी. त्यामुळे प्रत्येक वेळी निघताना एकच धास्ती असते, की आज मला जमलं नाही तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत.

निघताना गॅस दोनदा बघितला. खाली येऊन पुन्हा वर गेलो आणि कुलूप ओढून बघितलं.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी सांगतो. वारजे माळवाडीहून डेक्कनकडे जाणारी बस घ्यावी. सणाच्या दिवशी गाड्या कमी असतात. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं, दिवसभराचा पास स्वस्तात मिळतो आणि तो घेतला की कितीही वेळा चढा-उतरा. बसमध्ये एक मावशी झेंडूची दोन पोती घेऊन चढल्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पोती बसलीत आणि तुम्ही उभ्या. कुणाकुणाचं तिकीट फाडू?"

मावशी म्हणाल्या, "जे बोलत नाही त्याचं फाड. भांडण नको."

सगळी बस हसली. मीही हसलो. मग आठवलं की भीमरावला किती वाजता पोचतो ते सांगितलंच नाही, आणि पुढचा सगळा रस्ता त्यातच गेला.

डेक्कनला उतरून पूल ओलांडला आणि चालत शनिवार पेठेत मालकांकडे गेलो. लोणीच्या इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून चावीची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून न्यायची होती. मालक ओट्यावर स्कूटरला हळदकुंकू लावत होते. मला बघून म्हणाले, "या. सावकाश आलात ते बरं झालं. पिक्चर काय, पुढच्या दसऱ्यालाही लावता येईल."

"बस उशिरा आली, अण्णा."

"बस नेहमीच उशिरा येते. आपण लवकर निघायचं असतं." पेन ड्राइव्ह देताना पुढे म्हणाले, "कंपनीच्या बाईंना फोन करा. त्यांना लांबून त्या कॉम्प्युटरात शिरता येत नाहीये म्हणतात. कुणीतरी तिथे बसून त्या सांगतील ते करायला हवंय. स्वतःची अक्कल चालवू नका."

आतून वहिनींनी चहा पाठवला आणि आपट्याचं पान हातात दिलं, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." ते पान मी शर्टाच्या खिशात ठेवलं. पेन ड्राइव्ह मात्र रुमालात बांधून पिशवीत आणि पिशवी पोटाशी. शनिवारवाड्यापासून स्वारगेटपर्यंत ती किती वेळा चाचपली असेल, सांगता येणार नाही.

स्वारगेटहून हडपसर. गाडीतळावर उतरून वडापाव खाल्ला. तिथला वडापाव चांगला असतो, पण चटणी जपून. हडपसरहून लोणीकडे जाणाऱ्या बसमध्ये डावीकडची खिडकी धरावी. मांजरी फाटा गेला की इमारती विरळ होतात, नर्सरीची रोपं रस्त्याकडेला ओळीनं मांडलेली दिसतात आणि टोलनाक्याची जुनी जागा गेली की हवा बदलते. सोलापूर रस्त्याला ट्रकांची गर्दी कायमची. त्या दिवशी प्रत्येक ट्रकच्या नाकावर हार होता. झेंडू उडून आमच्या खिडकीत येत होता.

माझ्या शेजारी पांढऱ्या साडीतली एक बाई दोन मुलींना घेऊन बसली होती. मुलीही पांढऱ्या कपड्यांत. बौद्ध लोकांचा तो मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तन दिन. धाकटी आईला विचारत होती, "वंदना झाली की लगेच पिक्चर ना?"

"लगीच. भीमरावकाकानं सांगितलंय, आपल्या आळीची तिकिटं काढून ठेवलीत."

मी खिडकीकडे तोंड केलं. तो पिक्चर अजून लागतच नाहीये, हे त्या पोरीला मी कसं सांगणार होतो?

थिएटर स्टँडपासून चालत जवळच आहे. विचारलं की कुणीही दाखवतं. भीमराव दारातच उभा होता, पांढरा शर्ट, इस्त्री कडक. वयानं माझ्याहून थोडा लहान. "लय येळ लावला," म्हणाला आणि माझी पिशवी काढून घेतली. मला ती सोडवेना. पाच पायऱ्यांपर्यंत दोघांनी मिळून धरली.

वर खोलीत दोन्ही मशीनं आणि कारभारी, सगळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार. मी भीमरावकडे बघितलं. तो म्हणाला, "हार मालकांचा. पुसणं माझं. मशीन चकचकीत दिसायला पायजे, एवढाच माझा धर्म."

कारभाऱ्याच्या पडद्यावर दोन्ही पडद्यांचं वेळापत्रक कोरं. पिक्चरच्या नावापुढे लाल खूण आणि खाली एक ओळ. इंग्रजी मला अडखळत वाचता येतं. तिचा अर्थ एवढाच होता की चावीची मुदत सुरू झालेली नाही. मला वाटलं चावीच खोटी. पेन ड्राइव्ह लावून तीच चावी पुन्हा घातली. पुन्हा लाल. मग वाटलं पिक्चर नीट उतरला नसेल, काढून परत घालावा. बटणावर बाण नेला आणि कंपनीच्या मॅडमना फोन लावला. मानसी त्यांचं नाव. आवाजावरून माझ्या नातीच्या वयाच्या.

"मॅडम, पिक्चर पुसून परत घालतो."

"काका! हात काढा! काही पुसू नका!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की भीमरावनंही हात मागे घेतला. "तो पुसला तर परत उतरवायला रात्र होईल. माउसवरून हात काढलात का?"

"काढला."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मालकांनी बजावलं होतं, आणि तरी मी तेच करायला निघालो होतो.

मॅडम म्हणाल्या, "आता घाई करू नका. पडद्यावर जे जे दिसतंय ते वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचत या. काही गाळायचं नाही. मला इथून काहीच दिसत नाहीये, तुम्हीच माझे डोळे."

मी वाचू लागलो. अडलं की अक्षरं सांगायची. भीमराव मागून कुरकुरत होता, "अशानं पुढचा दसरा येईल." वाचत वाचत खालच्या उजव्या कोपऱ्यात पोचलो. तिथे वेळ आणि तारीख होती. तीही वाचली.

"थांबा. वर्ष कोणतं म्हणालात?"

मी पुन्हा वाचलं. बारा-तेरा वर्षांपूर्वीचं साल होतं. महिना जानेवारी.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या मते चावी अजून जन्मलीच नाहीये. आणि तारीख एवढी चुकीची असेल तर आमची यंत्रणा मला आत सोडणारच नाही, तिला तो कॉम्प्युटर खोटा वाटतो. काका, हा बंद केला होता का कुणी?"

भीमराव पुढे वाकून फोनमध्ये म्हणाला, "काल खंडेनवमी व्हती ना. मशिनांना इश्रांती द्यायची आसती. भिंतीवरचा खटकाच वडला."

त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. रिळांच्या काळात आम्ही दोघंही तेच करायचो. खंडेनवमीला मेन खटका ओढायचा, मशीन उघडून पुसायचं, तेल द्यायचं, हार घालायचा. मालकांनी कारभारी जुनाच विकत घेतलेला, आणि तो आल्यापासून ही पहिलीच नवमी. तोवर तो कधी बंद झालाच नव्हता, त्यामुळे त्याच्या आतला घड्याळाचा सेल कधी मेला ते कुणाला कळलं नाही, आणि खटका ओढताच घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर गेलं.

मॅडम हसल्या. "माझ्या आईनं काल माझ्या लॅपटॉपला हार घातला, काका. पण मी बंद नाही करू दिला. फोन आले असते."

सेल नाण्याएवढा गोल. घड्याळवाल्याकडे मिळेल म्हणाल्या. मी बाजारात धावलो. धावलो म्हणजे चाललोच, पण छाती धावली. घड्याळवाल्यानं दुकानात पूजा मांडली होती आणि प्रसादाचे पेढे वाटत होता. सेल दिला, वर पेढा दिला. "थिएटरचं घड्याळ बंद पडलं का? मग खेळ उशिरानं?" म्हणाला.

"नाही. वेळेवर," मी सांगितलं. कुठल्या धिटाईनं, कोण जाणे.

परत येऊन कॉम्प्युटर बंद केला. झाकण भीमरावनं उघडलं, सेल मी बसवला. सेल खाचेत नीट बसेना, म्हणून त्यानं माझं मनगट धरलं. चालू केल्यावर पुन्हा तेच जुनं साल. मॅडम म्हणाल्या तारीख आता हातानं घाला.

तिथे मी थोडा थांबलो. त्या सालच्या जानेवारीत आमची ही होती. सकाळी डबा भरून द्यायची आणि जिन्यापर्यंत येऊन म्हणायची, "मफलर." एवढंच, एक शब्द. कारभाऱ्याच्या हिशेबी ती अजून वारज्यातल्या फ्लॅटमध्ये होती. मी इतकी वर्षं कुणाशी तिच्याबद्दल बोललो नाही, आणि एका यंत्रानं तिचं साल समोर आणून ठेवलं.

"काका, अडलंय का?"

"नाही," म्हणालो आणि आजची तारीख घातली.

मग सगळं भराभर झालं. मॅडम आत शिरल्या. बाण आपोआप हलू लागला, हे मला अजूनही भुताटकीसारखं वाटतं. लाल खूण हिरवी झाली, वेळापत्रक भरलं, पिक्चर पडद्याच्या मशीनकडे निघाला. खाली दारं उघडली. खोलीच्या काचेतून बघितलं तर पांढऱ्या कपड्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यात बसमधली ती धाकटी. खेळ सुरू झाला तेव्हा भीमरावनं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. एवढ्या जोरात मारायची काही गरज नव्हती.

त्याच्या घरून खीर आली होती. मला साखरेचा त्रास आहे, तरी वाटीभर खाल्ली. खाताना मॅडमचा फोन आला.

"काका, घड्याळ आता इंटरनेटवरून आपोआप लागेल. शिवाय काही बिघडलं की आधी मलाच कळेल, अशी सोय केली आहे. सणाच्या दिवशी तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं, खरंच सॉरी. आता पुन्हा नाही यावं लागणार."

"बरं झालं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या चांगल्याच मनानं बोलत होत्या.

भीमरावनं ऐकलं होतं. त्यानं वाटीत अजून खीर वाढली. मी नको म्हणालो नाही.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. संध्याकाळी हडपसरला वाहनं अडकतात, तेव्हा लोणीहून उन्हं असतानाच निघावं. घरी आलो, अर्धवट तोरण पुरं बांधलं, आणि सण संपल्यावर ते बांधून काय उपयोग म्हणून स्वतःवरच चिडलो.

काय राहिलं म्हणाल, तर रोज सकाळी येणारा एक मेसेज. मॅडमनी माझाही नंबर त्या सोयीत घातला. "लोणी: सर्व ठीक." पहिल्या दिवशी मी उत्तर दिलं, "वाचून आनंद झाला." लगेच उलट मेसेज आला, की या क्रमांकावर उत्तर स्वीकारलं जात नाही. तरी मी रोज वाट बघतो. आणि एखाद्या दिवशी तो येऊ नये असंही मनात येतं, मग थिएटरच्या दारातून परत जाणारी भीमरावच्या आळीची माणसं डोळ्यांपुढे येतात आणि स्वतःची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात तो खरंच आला नाही. चहा झाला, पेपर झाला, फोन गप्प. मी बूट चढवले, गॅस दोनदा बघितला, खाली उतरलो. बसथांब्यावर पोचलो आणि खिशात फोन थरथरला. "लोणी: सर्व ठीक." बस समोर येऊन उभी होती. मी फोन हातात धरून तसाच.

"आजोबा, चढायचंय, का नुसती बस बघायला आलात?" कंडक्टर म्हणाला.

चढलो. काहीच बिघडलेलं नसताना का आलो, हे भीमरावला काय सांगायचं ते हडपसरपर्यंत सुचेल असं वाटलं. सुचलं नाही. त्यानंही विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "लय येळ लावला."