समुद्राच्या तळाशी घेतलेलं नाव

माझी नात अकोल्याच्या जलतरण तलावाच्या पायरीवर रडत बसली आणि शिकवणाऱ्या सरांना म्हणाली, "आजी म्हणते, पाणी माणसाले ओढून नेते." सुनेने हे फोनवर सांगितलं आणि मी चरकले. वाक्य माझंच होतं. लहानपणी माझी धाकटी बहीण आमच्या दर्यापूरच्या शेतातल्या विहिरीत बुडाली. तेव्हापासून मी पाण्यात कधी डोकं घातलं नव्हतं. पूर्णेच्या स्नानालाही मी काठावर बसूनच अंगावर तांब्या ओतायची, तोसुद्धा नाक धरून, दम रोखून, मनात अंबामायचं नाव घेत. इतकी वर्षं नाव घेऊन भीती तसूभर कमी झाली नाही आणि आता ती नातीलाही लागली. माझी भक्ती खरी की नुसती सवय, या विचाराने माझा मलाच राग आला.

दिवाळीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको अंदमानला जाणार होतो. मी नातीला सांगून टाकलं, "मी समुद्राच्या तळाशी जाऊन येतो, मंग तूबी पाण्यात उतरजो." आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. "तुले पोहता येत नाही, अन् हे काय भलतंच करून राहिली वो?" पण मी डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि हट्ट सोडला नाही.

अंदमानात पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली नेतात; तिथल्या बोटीवर शिकवणाऱ्याने दहादा बजावलं होतं की तोंडातल्या नळीने श्वास घेत राहा, सोडत राहा, रोखू मात्र नका. तो माझा हात धरून खाली नेणार होता. पण डोक्यावर पाणी आलं आणि मी जन्मभर केलं तेच केलं. मनात नाव घेतलं आणि दम धरला. छाती दाटली, त्याने मला सावकाश वर आणलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. "पुरे झालं आता," हे बोटीतून म्हणाले. मला रडू फुटलं, पण मी पाठीवरची टाकी काढू दिली नाही.

बोटीवर एक म्हातारा नावाडी होता, नेहमीचा माणूस आजारी म्हणून त्या दिवसापुरता आलेला. माझे पुटपुटणारे ओठ बघून तो म्हणाला, "नाम लेती हो ना, माताजी? मन में क्यों? ज़ोर से लो. बोलोगी तो साँस अपने आप छूटेगी."

तिसऱ्यांदा उतरले ती नळीतच ओरडत, अंबामाय! शब्द कसला, नुसते बुडबुडे. पण श्वास सुटला आणि पुढचा आपोआप आला. आणखी एकदा नाव, आणखी एक श्वास. असं करत माझे गुडघे वाळूला टेकले. पोवळ्यांच्या खडकातून पट्ट्यापट्ट्यांचे मासे निवांत फिरत होते. मला बहीण आठवली आणि मी पाण्याखाली रडले. माय तिच्याजवळही असेल, असं मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

धक्क्यावर आल्यावर नमस्कार करायला वळले तर नावाडी दुसऱ्या बोटीने निघूनही गेला होता. तो कोण होता याची चर्चा मी करत नाही. मला हवा होता तो शब्द हव्या त्या घडीला मिळाला, त्याचे उपकार मानते. इतकी वर्षं मी नाव घेत होते आणि श्वास मात्र मुठीत धरून बसले होते. मायच्या हाती द्यायचा होता तो हा श्वासच.

परतल्यावर नातीला घेऊन अकोल्याच्या तलावावर गेले आणि तिच्याआधी मी पाण्यात उतरले. "दम धरू नको बेटा, नाव घे," म्हटलं. तिने माझा हात घट्ट पकडला, डोळे मिटले आणि डोकं खाली घातलं. वर बुडबुडे आले. तिने कोणाचं नाव घेतलं, ते मी विचारलं नाही.