मावशींच्या आधीचा घोट

आमच्या मंडळीत एक साबणमावशी आहेत. चौकातली लाँड्री त्यांची. पण दुकान बंद केलं की स्वच्छताही तिथेच ठेवून घरी जायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. चर्चमध्ये आल्या की आधी बाक पुसतात, मग बसतात, आणि शेजारी बसणाऱ्याकडे अशा बघतात की आपण सकाळी आंघोळ केली होती का, हे त्या बिचाऱ्याला आठवावं लागतं. नवऱ्याला होकार दिला तो त्याची कॉलर बघून, अशी वदंता आहे. ती त्यांनीच पसरवली आहे.

अशा बाईने प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांच्या उष्ट्या प्याल्यातून घोट घ्यायचा, म्हणजे परीक्षाच. पण मावशींनी ती कधी चुकवली नाही. आणि त्यांच्या या स्वच्छतेपायीच मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी एक नाजूक काम त्यांच्या गळ्यात घातलं.

इस्पितळाच्या शवागारात प्रेतं धुणारी एक बाई काही महिन्यांपासून मागच्या बाकावर बसत होती. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता येत्या रविवारी ती पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार, म्हणजे तिचे ओठ प्याल्याला लागणार, हे ध्यानात आलं आणि सगळ्यांना एकदम आरोग्यशास्त्र आठवलं.

"तिने सगळ्यांत शेवटी यावं, एवढंच," खजिनदार बैठकीत म्हणाले. "भेदभाव नाही हं. व्यवस्था."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वाद निघाला की त्यांच्या काचा मळतात.

खजिनदार मावशींकडे वळले. "मावशी, तुम्हीच सांगा तिला. तुमच्या तोंडून ते स्वच्छतेचं वाटेल."

"आणि तुमच्या तोंडून?"

खजिनदारांनी हसून वही मिटली. नाही मात्र कुणीच म्हणालं नाही. मावशीही नाही. खरं तर तिच्या कामाच्या नुसत्या विचाराने त्यांनीही पदराला दोनदा हात पुसले होते.

रविवारी उपासनेआधी मावशी तिला शोधत आवारात गेल्या. ती नळाखाली कोपरापर्यंत हात घासत होती. कातडी लालबुंद झाली होती.

"मावशी, तुम्हीच बघा बरं," तिने हात पुढे केले. "एवढं पुरे ना? नसेल तर मी आज बाहेरच थांबते. कुणाला त्रास नको."

पंचांचं वाक्य मावशींच्या जिभेवर आलं होतं. नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी काम फत्ते. ती गुमान निघून गेली असती, आणि पुन्हा कधी आली नसती.

"बंद कर तो नळ," मावशी म्हणाल्या. "आणि चल आत."

पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाला बोलावलं तेव्हा ती बिचारी लगेच उठली आणि वेदीपुढे गुडघे टेकून बसली. तिच्यामागून कुणी उठेना. पेटीवाला तेच कडवं पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. खजिनदारांना बुटाची नाडी सापडली, ती बांधून होईचना. तिने एकदा मागे वळून बघितलं, रिकामी वाट बघितली, आणि उठायला हात टेकला.

तेवढ्यात मावशी येऊन तिला खेटून बसल्या.

"बस खाली," त्या पुटपुटल्या. "माझे गुडघे काय हौसेने टेकलेत?"

ती प्याली. पाळकसाहेबांनी प्याल्याची कड रुमालाने पुसली. एरवी एकदा पुसतात, आज पुसतच राहिले. मावशींनी हात पुढे केला. डोळे मिटून त्यांनी घोट घेतला. तो घशाखाली उतरायला इतका वेळ लागला की पेटीवालाही थांबला. उतरला.

मग एक म्हातारे शिक्षक उठले. त्यांच्यामागून दोन बाया. मग रांगच लागली. खजिनदार आले, सगळ्यांच्या शेवटी.

बाहेर पडल्यावर त्यांनी मावशींना गाठलंच. "तुम्ही? तुम्हाला किळस नाही आली?"

"आली की. तुमच्या उष्ट्याचीही येते, इतकी वर्षं येतेय. तुम्हाला कधी म्हटलं, मागे जा म्हणून?"

"पण मग..."

"किळस माझी आहे, दादा. ती मी सांभाळीन. तिने का सांभाळायची?"