मराठी विसरणारे रामटेके सर

रामटेके सर वर्गात आले की कोपऱ्यातल्या माठातलं पाणी गटागटा प्यायचे, तोंड पुसायचे आणि पुढच्या तासापुरते मराठी विसरून जायचे. बाहेर व्हरांड्यात "काय गा, जेवला का?" म्हणणारा हा माणूस उंबरठ्याच्या आत एक अक्षर मराठी बोलायचा नाही. 'फॉल' शिकवायचं तर टेबलावर चढून धाडकन खाली पडायचे, तेही पांढरी पँट घालून.

हे खूळ त्यांनी इथिओपियातून आणलं होतं. बी.ए. झाल्यावर, बी.एड.ला जाण्याआधी, ते एक वर्ष तिकडच्या एका डोंगराळ गावात इंग्रजी शिकवायला गेले होते. तिथल्या मुलांना यांची भाषा येईना, यांना त्यांची. मग हातवारे, नकला, पडझड. "हसला, तं शिकला," हे त्यांचं ब्रीद. मधल्या सुट्टीत त्या गावाच्या गोष्टी ते इतक्या रंगवून सांगत, की कामठीच्या पुढे न गेलेल्या आम्हाला ते गाव आमच्या शेजारच्या कळमन्याच्या पलीकडेच असेल असं वाटायचं.

आम्ही हसलो भरपूर. शिकलो किती ते निराळं. मॅट्रिकच्या पेपरात मराठी उताऱ्याचं इंग्रजी करावं लागे. एकदा मी उभी राहून म्हणाले, "सर, हे मले समजलं नाही. मराठीत सांगा ना." सरांनी कानावर हात ठेवला आणि हसत मान हलवली, जणू मराठी त्यांना ऐकूच येत नाही. वर्ग खिदळला. मी खाली बसले आणि परत कधी काही विचारलं नाही. सहामाहीत इंग्रजीत शंभरापैकी एकोणीस मिळाले.

बाबा कामठीला मागावर कामाला होते. प्रगतिपुस्तक बघून त्यांनी निकाल दिला, "बस झालं. सोमवारपासून माह्यासंगं चाल, कांड्या भर." सुताच्या कांड्या भरायला माझ्या वयाच्या मुली जायच्याच. मी रडले, पण वाद घालायला तोंड नव्हतं.

तीन दिवस मी दिसले नाही, तेव्हा सर सायकलवरून घरी आले. बाबा म्हणाले, "मास्तर, तुमी कायले तरास घेता? पोरीचं डोकंच नाही चालत."

"डोकं माहं नाही चाललं, भाऊ," सर म्हणाले. "तिकडं मले पोरायची भाषाच येत नव्हती, म्हणून सोंग करत होतो. इथं येते, तरी सोंग केलं. या पोरीनं मराठीत विचारलं, तं मी बहिरा झालो. ही नाही नापास झाली. मी झालो."

कुणी मास्तर आमच्या वस्तीत येऊन असं बोलेल, हे बाबांना नवीन होतं. त्यांनी सरांपुढे पाट सरकवला. मग मला म्हणाले, "च्या ठेव वं." आणि सरांना, "मार्चपर्यंत धाडतो तिले."

दुसऱ्या दिवसापासून सर शाळेच्या तासभर आधी येऊन बसू लागले. खणखणीत मराठीतून त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. बेचाळीस मार्क मिळवून मी पास झाले.

पुढे मीही इंग्रजीची शिक्षिका झाले. सर गेले तेव्हा शोकसभेत मी हा प्रसंग सांगितला. लोक डोळे पुसत होते. तिथे जे सांगितलं नाही, ते इथे लिहिते. त्याच्या आदल्याच वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी नापास झाली होती. तिचे वडील शाळेत येऊन हात जोडून उभे राहिले. "बाई, काहून झालं असं?" कारण मला ठाऊक होतं. तिनं दोनदा शंका विचारली होती आणि दोन्ही वेळा मी "घरी वाच" म्हणून तिला बसवलं होतं.

मी म्हणाले, "पोरगी लक्ष देत नाही."

ती पुन्हा शाळेत आली नाही.