जिंतूर रोडवरचा आशिया

परभणीत जिंतूर रोडला एका संस्थाचालकानं आपल्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर ‘आशियाई कला संग्रहालय’ काढलं. परदेश सहलींतून आणलेल्या वस्तू बंगल्यात मावेनात, म्हणून ही कलेची सेवा. ‘मुलांना अवश्य आणा’ असं पत्र आमच्या शाळेत आलं. मोठ्या माणसाच्या पत्राला नाही म्हणायची ताकद आमच्या मुख्याध्यापकांत नाही. मी पालमकडच्या एका गावात मराठी शिकवते, आणि दुसरं कुणी नाही म्हणून चित्रकलाही. त्यामुळे पाचवी ते नववीची पोरं घेऊन एसटीनं मीच गेले.

माहिती सांगायला संस्थाचालकांचा पुतण्या होता. छातीवर ‘कला संचालक’ असा बिल्ला.

“ही चिनी फुलदाणी. लय जुनी हाय.”

“किती जुनी?” एका पोरीनं विचारलं.

“लय.”

फुलदाणीच्या बुडाशी दुकानाची चिठ्ठी तशीच होती. पोरांनी ती पाहिली आणि एकमेकांना कोपरं मारली.

पुढच्या दालनात पाहुण्यांसाठी सोफा, भिंतीवर संस्थाचालकांचा माणसाएवढा फोटो आणि त्याखाली, सोफ्यालगतच्या टेबलावर, बुद्धाचं नुसतं मस्तक. माझी निम्मी पोरं बौद्ध घरांतली. कुणी न सांगता त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. पाचवीतली एक चिमुरडी माझा पदर ओढून म्हणाली, “बाई, धड कुठं ठिवलंय?”

पुतण्या खो खो हसला. “धड नसतंच! डेकोरेशनचा पीस हाय तो.”

नववीतली एक मुलगी मात्र पाटी वाचत होती. पाटीवर होतं, ‘शांतीचा देव बुद्ध’.

“सर, बुद्ध देव न्हवते. माणूस होते.”

“तू मला शिकवायलीस का?”

“हो. तुमी चुकलाव म्हणून.”

मीही बौद्ध घरातली. हे वाक्य माझ्या तोंडून आधी यायला हवं होतं. मी मात्र सोफ्याशेजारी शहाण्यासारखी उभी होते. त्या दालनात तुच्छ वाटाव्यात अशा गोष्टी पुष्कळ होत्या, त्यांत मीही होते.

तेवढ्यात फोटोग्राफरसह संस्थाचालक आले. बिस्किटांचे पुडे वाटले, फोटो झाले. मग अभिप्रायाची वही पुढे आली आणि पुतण्यानं मजकूरही सांगितला, “लिहा, आम्हाला कलेचे दर्शन घडले.” पोरांनी निमूट लिहिलं. नववीतल्या त्या मुलीनं लिहिलं, ‘बुद्धांना सोफ्यापासून हलवा. पाटी दुरुस्त करा.’

संस्थाचालकांनी ते वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली. “बाई, पोरांना वळण लावा. आन् हे पान फाडा.”

मी पेन उघडलं आणि तिच्या ओळींखाली सही केली.

“फाडायचं तर तुम्ही फाडा,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. शाळेची इभ्रत गेली म्हणे. होती कधी, ते त्यांनी सांगितलं नाही.

महिन्याभरानं परभणीतल्या एका मैत्रिणीनं संग्रहालयातला फोटो पाठवला. मस्तक सोफ्याजवळून उचलून काचेच्या कपाटात ठेवलं होतं. पाटी नवी होती : ‘गौतम बुद्ध, शील्प’. मधल्या सुट्टीत मी तो फोटो त्या मुलीला दाखवला. तिनं मोबाइल हातात घेऊन पाटी मोठी करून पाहिली.

“बाई,” ती म्हणाली, “वेलांटी चुकलीय. परत जायचं का?”